काशीरामच्या क्रेनचा चौथा पाय

रत्नागिरीत क्रेनवाले पुष्कळ, पण दुसऱ्यांच्या घरचे पोहे काशीरामइतके कोणी खाल्ले नसतील. बाकीचे क्रेनवाले कामावर येतात, उचलायचं ते उचलतात, बिडी ओढतात आणि जातात. काशीराम आदल्या दिवशीच येतो. क्रेन न घेता येतो, खांद्यावर नुसती पहार घेऊन येतो आणि आळीच्या तोंडाशी भेटेल त्याला विचारतो, "तुमच्या आळीत सगळ्यात म्हातारं मानूस कोन?"

आता, तीस टनी क्रेनच्या मालकाला म्हाताऱ्या माणसांशी काय करायचं असतं? नवख्या माणसाला वाटतं, हा विमा विकायला आला, नाहीतर कुणाच्या जमिनीवर याचा डोळा आहे. पण काशीराम सरळ त्या घरी जातो, चपला पायरीखाली काढतो, चहा घेतो, पोहे आले तर नाही म्हणत नाही, दुसऱ्यांदा आले तरी नाही म्हणत नाही आणि शेवटी एकच प्रश्न विचारतो, "आजी, हितं पूर्वी काय व्हतं?"

चिंचआळीतले हरिहरभाऊ म्हणतात, "काशीराम क्रेन लावायला येतो की मुलगी बघायला, तेच कळत नाही."

हरिहरभाऊ म्हणजे तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. कचेरीतून निवृत्त झाले, जिभेतून नाही. आळीत कुणाचं बारसं झालं तर बाळाला एक नाव आईबाप ठेवत आणि दुसरं हरिहरभाऊ. टिकायचं ते दुसरं. काशीरामचंही एक नाव त्यांनी ठेवलेलं होतं आणि तेच या सगळ्या कथेचं मूळ आहे.

झालं होतं असं. काशीराम मूळचा देवरुखकडच्या एका वाडीतला. तरुणपणी जयगडला बंदरात गेला, बारा वर्षं तिथे क्रेनवर काढली. बंदरात चारी बाजूंनी मोकळं आणि खाली भक्कम सिमेंट. तिथे क्रेन चालवणं म्हणजे मैदानात सायकल चालवणं. काशीरामला त्याचा कंटाळा आला. जुनी पण धडधाकट क्रेन घेऊन तो रत्नागिरी शहरात उतरला, कारण त्याला म्हणे अडचणीच्या जागा आवडायच्या. एकीकडे घर, दुसरीकडे घर, वर तारा, खाली गटार, मधून कोळीण टोपली घेऊन चाललेली, अशा ठिकाणी क्रेन लावून चौथ्या मजल्यावर सामान अलगद ठेवायचं, यात त्याला जी मजा यायची ती दुसऱ्याला तिसऱ्या घावनात येते.

आणि मग सात वर्षांपूर्वी शहराच्या वरच्या भागात ते लग्न आलं.

काम होतं एका इमारतीवर पाण्याची टाकी चढवायचं. शेजारच्या मोकळ्या जागेत लग्नाचा मांडव. क्रेन उभी राहते ती चाकांवर नाही, चार बाजूंना बाहेर काढलेल्या चार लोखंडी पायांवर. त्यातला एक पाय पडला एका जुन्या बुजवलेल्या शोषखड्ड्यावर. काशीरामला कळलं होतं. समोरच्या पाणसळीतला, म्हणजे सपाटी दाखवणाऱ्या काचनळीतला, बुडबुडा कडेला सरकताना त्याने डोळ्यांनी पाहिला होता. पण खालून ठेकेदार ओरडत होता, "घे रे घे! थांबू नको!" त्याच्याबरोबर आणखी दहाजण ओरडत होते, कारण आपल्याकडे क्रेन दिसली की प्रत्येकाला हात हलवायचा हक्क आहेच. काशीरामने ऐकलं आणि घेतलं.

क्रेन कलंडली. धाडकन नाही, सावकाश, वाडीतल्या म्हाताऱ्याने भिंतीला टेकावं तशी. टाकी तोवर गच्चीवर टेकली होती, ते नशीब. पण बूम, म्हणजे क्रेनचा तो लांब हात, मांडवाच्या कमानीवर जाऊन विसावला, बरोबर वधूवरांच्या नावांवर. माणसाला ओरखडा नाही. थर्माकोलचा एक मोर तेवढा गेला. त्या लग्नाच्या अल्बममध्ये आजही वरमाईच्या मागे पिवळीधमक बूम दिसते. मुलाकडचे म्हणतात, ती मुलीकडून आलेली.

त्या लग्नाला हरिहरभाऊ हजर होते. जेवून आळीत परतले आणि पायरीवर बसून त्यांनी बारसं उरकलं, "आजपासून तो कलंड्या."

झालं. शहरभर नाव गेलं. मोबाइलमध्ये लोकांनी नंबर जतन केले ते 'कलंड्या क्रेन' म्हणून. काशीराम रस्त्याने जाताना पोरं एका बाजूला वाकून चालायची. त्याची बायको दर्शना अंगणवाडीत सेविका. तिथे एकीने दुसरीला तिच्यादेखत सांगितलं, "ही गो कलंड्याची!" दर्शना घरी आली आणि एवढंच म्हणाली, "अवो, मी आता तुमच्या कामावर बगायला येनार नाय. मी आले नि परत कायतरी झालं, तर लोकं माज्या पायगुनावर घालतील."

त्यानंतर काशीरामने दोन नेम धरले. पहिला आपण पाहिलाच, सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारल्याशिवाय क्रेनचा पाय जमिनीला लावायचा नाही. दुसरा, कामाच्या वेळी एकाच माणसाचा हात बघायचा. तो माणूस म्हणजे रामा. बंदरातला जुना सोबती, वयाने पन्नाशीचा, खाली उभा राहून हाताच्या खुणा करणारा. बंदरातल्या आवाजांनी रामाच्या कानांचा निम्मा कारभार आटोपलेला. लोक म्हणायचे, कलंड्या आणि बहिऱ्या, काय जोडी जमली! काशीराम म्हणायचा, "त्याला आळी ऐकू येत नाय, म्हनून तर तो हवा."

पण नेम धरून काम मिळत नाही. सात वर्षं कुठल्याही आळीने त्याला बोलावलं नाही. माळावर ट्रान्सफॉर्मर बसव, शेतात बोअरचा पंप काढ, असली मोकळी कामं. मग एक दिवस चिंचआळीचा निरोप आला.

चिंचआळीत जुन्या वाचनालयाच्या जागेवर नवं सभागृह बांधलं होतं. भिंती झाल्या, छप्पर राहिलं. छपरासाठी चार लोखंडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे तिकोनी सांगाडे, एकेक चाळीस फूट लांब, सव्वा टनाची. आळी कुठे सोळा फूट, कुठे चौदा. इंजिनिअर होता शौनक, आळीतलाच, कमलाआजींचा नातू. हुशार मुलगा, पुण्याला शिकून आलेला, बोलताना मधूनमधून हवेत चौकोन काढणारा. त्याने आधी घाटावरच्या एका कंपनीची मोठी क्रेन ठरवली होती. त्यांचा माणूस आला, आळी पाहिली आणि म्हणाला, हा फणस तोडा आणि हा गडगा पाडा, मग बघू.

फणस कमलाआजींचा, आवाराचा दगडी गडगाही त्यांचाच. आणि फणस साधासुधा नाही, कापा. त्याच्या गऱ्यांसाठी मुंबईचे नातेवाईक एरवी विसरलेली नाती मे महिन्यात आठवतात.

आजी म्हणाल्या, "तोड हो. खुशाल तोड. आणि मग जेवायला पण घाटावरच जा."

तेव्हा नाइलाजाने शौनकने काशीरामला बोलावलं आणि अट सांगितली, "एक रविवार, काका. सात ते दहा आळी बंद, लाइट बंद. तेवढ्यात चारही कैच्या बसल्या तर ठीक. नाहीतर पुढच्या रविवारी मला घाटावरची क्रेन आणावीच लागेल. मग फणसही जाईल."

काशीरामने मान डोलावली. घरी जाऊन दर्शनाला म्हणाला, "ह्यो जमला नाय, तर क्रेन इकून टाकतंव. जयगडला परत जातंव. दुसऱ्याच्या क्रेनवर बसतंव, हितं कलंड्या म्हनून राहन्यापेक्षा तां बरं."

दर्शना तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही. पण त्या दिवशीच्या भाताला खडे लागले, यावरून काय ते समजा.

शनिवारी सकाळी काशीराम पहार घेऊन चिंचआळीत हजर. शौनकने कागद पसरला. आळी जिथे वळते तिथे बावीस फूट रुंदी आहे, क्रेनचे पाय पसरायला तेवढी एकच बरी जागा. कागदावर चार लाल ठिपके. चौथा ठिपका कमलाआजींच्या गडग्याला लागून.

"बरा काडलाय," काशीराम म्हणाला. "आजी घरात हायत?"

शौनक हसला. "काका, मातीचा रिपोर्ट आहे माझ्याकडे."

"इमारतीच्या जाग्याचा. आळीचा नाय."

"आळीचा कशाला? रोज गाड्या जातात इथून!"

"गाडीचं चाक येतं नि जातं," काशीराम म्हणाला. "माजा पाय उभा ऱ्हातो."

आणि तो आजींच्या ओटीवर जाऊन बसला.

कमलाआजी शहाऐंशी वर्षांच्या. ऐकू उत्तम, दिसतं बेताचं, बोलणं मात्र अखंड. काशीरामने प्रश्न विचारला, "आजी, त्या गडग्याच्या कडंला पूर्वी काय व्हतं?" आणि आजींनी उत्तराला सुरुवात केली ती स्वतःच्या लग्नापासून. एकोणिसाव्या वर्षी गुहागरहून या घरात आल्या, त्या वेळी होडीत कोणाला उलटी झाली, सासूबाई किती कडक, शेजारणीचा मुलगा कोणाबरोबर पळाला. पोहे आले, संपले. कोकम सरबत आलं. समोरच्या पायरीवरून हरिहरभाऊंनी हाक मारली, "काशीराम, पत्रिका जुळली का रे?"

काशीराम हलला नाही. "नि गडग्याच्या कडंला, आजी?"

"काही नव्हतं हो तिथे. मोकळीच जागा. विहीर म्हणशील तर ती आमची मागे, परसात. मी आले तेव्हापासून तिथे मोकळंच."

काशीराम उठला. पायात चपला घालता घालता सहज म्हणाला, "मग त्यो दिव्याच्या काजळीचा डाग कसला गडग्याच्या दगडावर?"

"तो होय? तिथे मी दर अवसेला दिवा ठेवते. सासूबाई ठेवायच्या. त्यांच्या सासूबाईही ठेवायच्या म्हणे."

"कोनासाठी?"

"आसऱ्यांसाठी," आजी म्हणाल्या. "साती आसरा. त्यांना दिवा आणि भाताचा नैवेद्य."

काशीरामने घातलेली चप्पल परत काढली.

आपल्याकडे देवचाराची जागा वेगळी असते, वेताळाची वेगळी. कोण वडावर राहतं, कोण वेशीवर. आणि आसरा राहतात त्या फक्त पाण्यात. नदीच्या कोंडीत, तळ्यात, विहिरीत. काशीरामच्या वाडीत शेंबडं पोरही हे जाणतं.

"आजी," तो हळूच म्हणाला, "कोरड्या जाग्यावर आसरा कशा ऱ्हातील?"

आजींनी गडग्याकडे मान वळवली. सदुसष्ट वर्षं अवसेला न चुकता दिवा लावला होता, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

काशीराम गडग्यापाशी गेला. पहार उचलली आणि आळीच्या मधोमध मारली. ठण्ण! खाली कातळ. चार पावलं सरकून मारली. ठण्ण! मग चौथ्या लाल ठिपक्याच्या जागी मारली.

भद्द.

शौनकने हवेत चौकोन काढायला उचललेला हात खाली घेतला.

दुपारपर्यंत माणसांनी डांबर फोडलं, माती उपसली. दीड हातावर फरशा लागल्या. फरशांखाली तुळया, कुजून शेवयांसारख्या झालेल्या. आणि तुळयांखाली आठ फूट रुंदीची जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली विहीर. तळाशी काळंभोर पाणी. कोणी झाकली, कधी झाकली, देव जाणे. झाकणाऱ्याचं नावही आळीने गिळलं होतं. बायकांनी दिवा तेवढा विझू दिला नव्हता.

सगळी आळी वाकून बघत होती. सगळ्यात जास्त घाम फुटला होता हरिहरभाऊंना, कारण गेली वीस वर्षं त्यांची स्कूटर रोज तिथेच उभी असायची. ते मटकन खाली बसले. मग लक्षात आलं की आपण विहिरीच्या काठावर बसलोय, म्हणून उठले आणि लांब जाऊन पुन्हा बसले.

"आजी," शौनक रडवेल्या आवाजात म्हणाला, "मला सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस कधी?"

"पण तुला तरी विहीर कुठे माहीत होती?"

"दिवा माहीत होता ना!" आजी म्हणाल्या. "तोही नाही विचारलास."

क्रेन वाचली खरी. पण काम? वळणावरची ती एकच रुंद जागा गेली. शौनक म्हणाला, "संपलं, काका. घाटावर फोन करतो." आजींनी फणसाकडे पाहिलं. आळीतली माणसं हळूहळू पांगायला लागली आणि कोणीतरी पुटपुटलंच, कलंड्याचं नशीबच कलंडलेलं.

काशीराम पावलं मोजत होता. वळणापासून नऊ फूट मागे गेला. तिथे आळी सोळा फूट, म्हणजे तीन पाय बसतात, चौथा उरतो. चौथा पाय जाईल तिथे एका घराचं खळं, म्हणजे पुढचं सारवलेलं अंगण. खळ्यापुढे काटक्यांचं कुंपण आणि कुंपणामागच्या पायरीवर साक्षात हरिहरभाऊ.

काशीराम कुंपणाशी उभा राहिला. "भाऊ, चौथा पाय तुमच्या खळ्यात ठेवायला लागंल."

हरिहरभाऊ पायरीवरून उठले. ज्या माणसाला आपण कलंड्या केलं, त्याच्या क्रेनचा पाय आपल्याच अंगणात! कलंडली तर पहिली आपल्या कौलांवर. ते एकदा काशीरामकडे, एकदा उघड्या विहिरीकडे बघत राहिले. ती विहीर या माणसाने फक्त पोहे खाऊन शोधून काढली होती.

"आधी वाजवून बघ," ते शेवटी म्हणाले.

पहार पडली. ठण्ण! खळ्याच्या चारही कोपऱ्यांत ठण्ण!

"तुमचं खळं पक्कं हाय, भाऊ."

"मग! आमच्यात पोकळ काही नसतं," हरिहरभाऊ म्हणाले आणि आळी इतकी हसली की फणसावरचे कावळे उडाले. कुंपण त्यांनी स्वतःच्या हाताने उपटलं.

राहता राहिला फणस. क्रेन मागे सरकल्यावर चाळीस फुटी कैची फणस आणि सभागृहाची भिंत यांच्यामधून वळवायला लागणार होती. शौनकने तीन वेळा कागदावर वळवली, तिन्ही वेळा फणसात अडकली.

"पालखी कशी वळवता?" काशीरामने विचारलं.

शिमगा आठ दिवसांवर आला होता. ग्रामदेवतेची पालखी याच आळीतून खांद्यांवर नाचत जायची, याच वळणावरून. आळीतल्या चार खंद्या गड्यांना काशीरामने उभं केलं. त्यांतला एक म्हणाला, "पुढचा खांदा थांबतो, मागचा फिरतो. मागचं आत आलं की पुढचा सुटतो."

"तसंच. कैचीच्या दोन टोकांना दोन लांब दोर. दोघं पुढं, दोघं मागं. कैचीच्या खाली कोन येयाचं नाय, दोर लांबूनच धरायचा. नाचवायची नाय तेवडी."

"आणि मी?" हरिहरभाऊंनी विचारलं. खळं दिल्यावर त्यांना मानाचं काहीतरी हवं होतं.

"तुमचं काम सगळ्यांत अवघड," काशीराम म्हणाला. "आळीचं तोंड बंद ठेवायचं. कोन घे म्हनायचं नाय, कोन थांब म्हनायचं नाय. बोलला तर रामाचा हात बोलंल."

रविवार उजाडला. विहिरीभोवती बांबूंचं कुंपण घातलेलं. आजींनी क्रेनपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. त्यात ग्रामदेवतेला, आसऱ्यांना आणि फणसालाही हाक होती आणि शेवटी, "माझ्या नातवाला विचारायची बुद्धी दे." सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं, शौनकनेही. वायरमनने तारांचा प्रवाह बंद केला. माणसं ओट्यांवर आणि गच्च्यांवर गेली. क्रेनचे चार पाय लाकडी स्लीपरांवर टेकले, चौथा हरिहरभाऊंच्या खळ्यात. पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधोमध येऊन बसला.

पहाटेचा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा पडला होता आणि समुद्रावरचा खारा वारा उठायला अवकाश होता. काशीरामने मुद्दाम हीच वेळ मागितली होती.

पहिली कैची उचलली. फणसापाशी पुढचा दोर थांबला, मागचा फिरला, कैची पालखीसारखी वळली आणि फणसावरच्या कोवळ्या कुयऱ्यांना न शिवता भिंतीवर जाऊन बसली. टाळ्या वाजणार होत्या, पण हरिहरभाऊंनी काठी उगारली. दुसरी बसली. तिसरीही बसली. सव्वानऊ झाले.

चौथी वर गेली आणि खारा वारा त्या दिवशी लवकर उठला. फणसाची पानं सळसळली. कैचीचं टोक डुललं. रामाने मूठ आवळून हात वर धरला. थांब.

काशीरामने थांबवली. सव्वा टन लोखंड आळीच्या डोक्यावर लटकत राहिलं.

एक मिनिट. दोन मिनिटं. आता चिंचआळीचं तोंड किती वेळ बंद राहणार? गच्चीवरून पहिला आवाज आला, "घे की!" मग दुसरा, "वेळ जातोय, घे!" मग शौनकही खालून ओरडला, "काका, नऊ पस्तीस! घ्या!"

तोच शब्द. सात वर्षांपूर्वीचा. काशीरामची दांड्यावरची बोटं थोडीशी हललीही. त्याने बुडबुड्याकडे पाहिलं, तो मधोमध होता. त्याने रामाकडे पाहिलं. रामाची मूठ आवळलेलीच. रामाला यातलं काहीही ऐकू आलं नव्हतं. तो फक्त फणसाच्या शेंड्याकडे बघत होता.

आणि तेवढ्यात खळ्यातून तोफ उडाली.

"गप्प बसा रे, मेल्यांनो!" हरिहरभाऊ क्रेनच्या चौथ्या पायाशेजारी उभे राहून गर्जत होते. "त्याला कळतंय! तुम्हाला कळत असतं तर तुम्ही नसता का बसलात वर? शौनक, तू पण! कागद तोंडात धर तुझा!"

आळी गप्प झाली. आळीच्या तोंडाशी अडकलेल्या कोळणी गप्प झाल्या. कावळेसुद्धा विचारात पडले.

चार मिनिटं गेली. फणसाचा शेंडा स्थिर झाला. रामाची मूठ उघडली आणि त्याचा पंजा सावकाश, भाताच्या रोपांवरून फिरावा तसा, पुढे फिरला. पुढचा दोर थांबला. मागचा फिरला. नऊ एकोणपन्नासला चौथ्या कैचीचा शेवटचा बोल्ट आवळला गेला आणि मग हरिहरभाऊंची काठी कोण ऐकतो! ढोल शिमग्यासाठी ताणून ठेवलेलेच होते, ते आठ दिवस आधी वाजले.

काशीराम क्रेनवरून खाली उतरला. लोक त्याला उचलायला धावले. तो म्हणाला, "थांबा, आदी पाय काडू द्या." चौथा पाय खळ्यातून उचलला तेव्हा शेणाने सारवलेल्या जमिनीवर स्लीपरचा पुसटसा चौकोन होता, करंगळीच्या पेरापेक्षाही उथळ. हरिहरभाऊंनी तो पुढे कितीतरी दिवस सारवू दिला नाही. आल्यागेल्याला दाखवायचे.

गर्दीच्या मागे सभागृहाच्या पायरीवर कोणीतरी पदराने डोळे पुसत होतं. काशीरामने ओळखलं.

"तू कदी आलीस?"

"दुसऱ्या कैचीला," दर्शना म्हणाली. "पायगून बगायला आले हुते."

"मग?"

"बरा हाय," ती म्हणाली आणि आजींनी दिलेल्या दोन कुयऱ्या पिशवीत टाकल्या. संध्याकाळी त्यांची भाजी झाली. त्या दिवशीच्या भाताला खडा लागला नाही.

आठ दिवसांनी शिमग्याला पालखी त्या वळणावर आली तेव्हा विहिरीला नवा कठडा होता. कठड्यावर आजींचा दिवा होता आणि अवस नसूनही तो लावलेला होता. मानकऱ्यांनी एक खांदा काशीरामला दिला. काशीराम वळणावर थांबला, मागचा फिरला आणि पालखी सुटली.

चैत्र लागायच्या आत शेजारच्या आळीतल्या एका बिल्डरने हरिहरभाऊंना फोन केला. हरिहरभाऊ पायरीवरच बसले होते, त्यामुळे निम्म्या आळीने ऐकलं.

"भाऊ, त्या कलंड्याचा नंबर द्या ना."

"कोण कलंड्या?" हरिहरभाऊ म्हणाले. "इथे असा कोणी नाही. काशीराम हवा असेल तर सांगा."

"हां हां, तोच!"

"मग लिहून घ्या. आणि हे बघा, आधी तुमच्या आळीतलं सगळ्यात म्हातारं माणूस शोधून ठेवा. पोहे जास्त भिजवा. तो दुसऱ्यांदाही नाही म्हणत नाही."